बिनस्विचचा दिवा

रविवार, १३ जानेवारी १९६३, येरुहाम

डेझी म्हणते, "पपा, रोज चार ओळी हिब्रूत लिहीत जा, हात वळेल." म्हणून वही आणली. लिहायला बसलो तर स्वतःचं नाव उजवीकडून डावीकडे नेताना घाम फुटला. तेव्हा मराठीतच लिहितो. एक फायदा आहे. डेझी सासरी गेल्यापासून या घरात मराठी वाचणारी फक्त बायको रिबेका, आणि माझ्या पोटातलं वाचायला तिला वही कधी लागली नाही.

आजची कामगिरी लिहून ठेवण्यासारखी आहे. मी इथल्या दवाखान्याची अँब्युलन्स चालवतो. गावात ही एकच. लष्कराने वापरून सोडून दिलेली, पण छाती अजून पैलवानाची. मुंबईत मी बिस्किटांच्या कंपनीची व्हॅन चालवायचो, तिला बॅटरी एक. हिला दोन. माझ्या शेजारच्या सीटचं झाकण उचललं की दोघी जोडीने बसलेल्या दिसतात. एकेक बारा व्होल्टची, एकीच्या पाठीला दुसरी बांधलेली, मिळून चोवीस. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. नावं ठेवल्याशिवाय मला कुठल्याच यंत्राशी बोलता येत नाही.

तर डेझीला चौथा महिना आहे. गेल्या वर्षी सातव्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हा गावाला गाडी नव्हती. बेर्शेबा शहरातून यायची होती. ती आली, पण तोवर बाळ गेलं होतं. त्यानंतर डेझी महिनाभर कुणाशी बोलली नाही. म्हणून या खेपेला रिबेकाने एलियाहू हन्नाबीला, आम्हा यहुद्यांच्या पैगंबराला, नवस बोललाय. बाळ सुखरूप घरी येईपर्यंत त्याच्या तसबिरीपुढे अखंड दिवा, आणि तोही घरात नाही, गाडीत.

"घरात त्याची नजर हायेच," ती म्हणाली. "ज्या वाटेवर घात झाला, त्या वाटेवर दिवा पायजे."

हलत्या गाडीत तेलाचा दिवा ठेवला तर पेशंट भाजून निघेल. म्हणून बेर्शेबाच्या बाजारातून छोटा पिवळा बल्ब आणला. तो निघाला बारा व्होल्टचा. गाडी चोवीसची, त्यामुळे पहिला बल्ब लावताक्षणी फट् झाला. मग मी मुंबईची अक्कल चालवली. दिव्याची एक तार गाडीच्या अंगाला जोडली आणि दुसरी थोरली-धाकटीच्या मधल्या पट्टीला. म्हणजे दिवा एकट्या थोरलीवर जळतो, बारा व्होल्टवर. काय सुंदर जळतोय! रथातून आकाशात चाललेला एलियाहू खरंच उजळलाय.

स्विच मुद्दाम बसवला नाही. एक तर नवस अखंड दिव्याचा. शिवाय स्विच असला की कुणीतरी शब्बाथला, म्हणजे शनिवारी दिव्याला हात लावायचा नसतो तेव्हा, चुकून तो खाली-वर करणार. ज्याला विझवायचंच नाही त्याला स्विच कशाला?

बुधवार, ६ मार्च

एक गंमत. बॅटऱ्यांत दर पंधरवड्याला शुद्ध पाणी घालावं लागतं. हल्ली धाकटी उंटासारखी पाणी पिते. थोरलीचं झाकण उघडावं तर पाणी होतं तिथेच.

रिबेकाला सांगितलं. ती म्हणाली, "धाकट्या सुना अशाच. त्यांना सगळा जास्ती लागतो." ती स्वतः थोरली सून, तेव्हा हा निकाल पक्षपाती धरला पाहिजे.

मला मात्र चैन पडत नाही. दोघी एका दिवशी आल्या, एका सीटखाली बसतात, एकच रस्ता तुडवतात. मग तहान एकीलाच का? इथे वाळवंटात माणसांचंही तसंच असतं म्हणा. पण बॅटरी म्हणजे माणूस नव्हे.

मंगळवार, १४ मे

आज गाडी मेली.

सकाळपासून वाळवंटाचा गरम वारा सुटलेला, पत्र्याला हात लागत नव्हता. मागे पाय मोडलेली एक मोरोक्कोची म्हातारी. बेर्शेबाच्या वाटेवर कोरड्या ओढ्याचा एक खळगा लागतो, तिथे वेग कमी करावाच लागतो. मी वेग कमी केला आणि सगळं गेलं. इंजिन गेलं, हॉर्न गेला, काटे खाली पडले. खोकणं नाही, धाप नाही. चालता-बोलता माणूस जावा तसं झालं. चावी फिरवली तर टिक्सुद्धा नाही.

तारा चाचपल्या, फ्यूज पाहिले. म्हातारी माझ्याकडे बघून अरबीत काहीतरी म्हणत होती, बहुतेक शिव्या. बऱ्याच वेळाने उगीच चावी फिरवली आणि गाडी चालू! जशी गेली तशी आली. गाडी आल्याचा आनंद झाला, पण का गेली हे कळलं नाही याचं दुःख त्याहून मोठं.

शुक्रवार, १७ मे

बेर्शेबाच्या मुसाखात, म्हणजे गॅरेजात, झेएवला गाडी दाखवली. झेएव पोलंडचा, हात काळे, डोळे निळे आणि जीभ तिखट. आमचं दोघांचंही हिब्रू लंगडं, त्यामुळे छान जमतं.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "गाडीत काही नवीन जोडलंय का?"

"काही नाही," मी म्हणालो.

मग त्याने डायनॅमो पाहिला, चार्जिंगचा डबा बदलला, तारांची टोकं घासली. बॅटऱ्या तपासल्या, दोन्ही ठीक. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आता एकच सुटा भाग उरला. ड्रायव्हर."

मी मराठीत म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याने अर्थ विचारला. मी सांगितला, तर हसता हसता त्याच्या हातातला पाना पडला.

रविवार, २६ मे

पुन्हा! त्याच खळग्यात! डब्याचा नवेपणा फुकट गेला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत.

या वेळी मागे आपल्यातल्याच झेहावाबाई होत्या, दम्याच्या. गाडी गप्प झाली तशी मी उतरून बॉनेट उघडलं. इतक्यात आतून त्यांची हाक आली.

"मेयरभाऊ, अवो बघा तरी! सगळा इजला, पन हन्नाबीचा दिवा नाय इजला!"

मी वाकून पाहिलं. खरंच. गाडी दगडासारखी मेलेली आणि तसबिरीपुढचा पिवळा बल्ब शांतपणे जळतोय. झेहावाबाईंनी तसबिरीला हात लावून ओठांना लावला आणि त्यांचा दमाही म्हणे तिथेच बसला. थोड्या वेळाने गाडी चालू झाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गाडीपाशी बायकांची रीघ. मोरोक्कोच्या बायकाही आल्या, त्यांचाही एलियाहूवर जीव. रिबेका दाराशी उभी राहून सगळ्यांना दिवा दाखवत होती. तिचा चेहरा मी इतका निवांत कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

डेझी आली, पोटावर हात ठेवून. दिव्याकडे बघत हिब्रूत म्हणाली, "पपा, दिवा जळतो ते छान. पण गाडी का बंद पडते?"

मी म्हणालो, "बघतो गं."

गुरुवार, ३० मे

दवाखान्यातली नर्स तोवा कमी बोलते. आज बोलली. "मेयर, आणखी एकदा वाटेत बंद पडली तर वरचे लोक गाडी बेर्शेबाला परत घेणार. मग तिथून बोलावली की येईल."

बोलावली की येईल. गेल्या वर्षीही बोलावलीच होती.

डेझीला नववा लागलाय. जावई अमोस कारखान्यातून आला की रोज मला विचारतो, "गाडी कशी आहे?" बायको कशी आहे हे मी त्याला विचारायचं, तर तो मला गाडीचं विचारतो. मला भीती वाटते. इथे लिहून टाकतो, घरात बोलायची सोय नाही. पेशंट नेताना वेग कमी करायची वेळ आली की माझे पाय गार पडतात.

मंगळवार, ४ जून

एक पापी विचार आलाय. लिहू की नको?

लिहितो. दिवा का विझत नाही?

म्हणजे चमत्कार आहे हे मला मान्य. कोकणात आमच्या लोकांत एलियाहूच्या घोड्याच्या टापेची खूण दाखवतात, मी लहानपणी तिच्यावर फुलं वाहिली आहेत. पण चमत्कारच करायचा तर त्याने गाडीचा करावा! बल्बचा काय उपयोग? सगळी गाडी चालू ठेवणं त्याला जड होतं थोडंच? हा प्रश्न रिबेकाला विचारला तर ती मला जेवायला वाढणार नाही. पण प्रश्न दाढेत अडकलेल्या कणीसारखा बसलाय, जीभ सारखी तिथेच जाते.

धाकटीला आज पुन्हा पाणी घातलं. भांडंभर प्यायली.

रविवार, ९ जून

सगळं सविस्तर लिहिणार आहे.

सकाळी एका पेशंटला बेर्शेबाला सोडून रिकामा परतत होतो. खळगा आला, वेग कमी केला, गाडी मेली. या वेळी मी एकटा. ना पेशंट, ना झेहावाबाई, ना बायको. फक्त मी आणि एलियाहू, आणि त्याच्यापुढे जळणारा तो दिवा.

मी खिशातला रुमाल काढून तसबिरीवर टाकला. त्याच्या डोळ्यांदेखत करायची हिंमत नव्हती. मग दिव्याच्या तारेवर बोट ठेवलं आणि ती जाते तिकडे निघालो. सीटखाली, झाकणाखाली, दोघींच्या मधल्या पट्टीपर्यंत. मीच जोडलेली तार! आणि लख्ख कळलं. दिवा जळतोय म्हणजे थोरली जिवंत आहे. गाडी मेली आहे म्हणजे धाकटी उत्तर देत नाही. एकीच्या पाठीला दुसरी बांधलेली, तेव्हा एकीने हात सोडला की दोघींचा कारभार संपला. वेगात असताना डायनॅमो गाडी ओढून नेतो, म्हणून पत्ता लागत नाही. वेग कमी झाला की गाडी बॅटऱ्यांकडे बघते, आणि तिथे कुणी नसतं.

मी बल्ब तारांसकट सोडवला आणि त्याची दोन टोकं थोरलीला लावली. पेटला. धाकटीला लावली. अंधार. धाकटीच्या डोक्यावर मूठ मारली. पेटला, थरथरला, पुन्हा गेला. मी त्या उन्हात एकटाच मोठ्याने ओरडलो. एलियाहूचाच दिवा दोष दाखवत होता! म्हटलं, हाच खरा चमत्कार. रिबेकाला सांगीन तेव्हा ती मला डबल जेवायला वाढेल. रुमाल काढला, तसबिरीची माफी मागितली, दिवा पुन्हा होता तसा जोडला, आणि धाकटी निवल्यावर गाडी उलटी फिरवून थेट झेएवकडे गेलो.

झेएवने धाकटी बाहेर काढली, हलवली, कानाशी धरली. आत काहीतरी खुळखुळत होतं.

"उकडून मेली आहे," तो म्हणाला. "आतला जोड तुटलाय. तापला की सुटतो, निवला की चिकटतो. मी तपासली तेव्हा थंड होती. पाणी फार पीत होती का?"

"उंटासारखी."

"आणि दुसरी?"

"थेंब नाही."

झेएवने पाना खाली ठेवला. "मेयर, गाडीत काही नवीन जोडलंय का?"

"नाही, म्हटलं ना," मी म्हणालो, आणि माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. तो माझ्या खांद्यावरून दिव्याकडे बघत होता.

खरंच सांगतो, तोपर्यंत ते जोडणं आहे असं माझ्या मनातच आलं नव्हतं. जोडतात ते हॉर्न, पंखा, दिवे. तो एलियाहूचा होता.

झेएव चिडला नाही. त्याच्या बापाची घोडागाडी होती, तिच्यावरून त्याने मला समजावलं. दोन घोडे एका गाडीला. त्यातल्या एकाला तू रात्रंदिवस, शब्बाथलासुद्धा, वेगळ्या कामाला जुंपतोस. सकाळी तो दमलेला. गाडी हळू चालते म्हणून डायनॅमो चाबूक मारतो, म्हणजे जादा वीज भरतो. पण चाबूक दोघांच्या पाठीवर एकदमच पडतो. दमलेल्याला तो पुरत नाही, आणि ताज्याचा त्याने जीव जातो.

म्हणजे दिव्याने दोष दाखवला हे खरं, पण दोष दिव्यानेच केला होता. दिव्याने कसला, मी केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डेझीच्या जिवासाठी लावलेला दिवा डेझीचीच गाडी मारत होता.

झेएव म्हणाला, एकटी धाकटी बदलून भागणार नाही, दोघी एका वयाच्या हव्यात. उद्या मिळतील. दिव्याबद्दल तो एकच शब्द बोलला, "काढ."

रिबेकाला काय सांगू?

सोमवार, १० जून

दोघी नव्या बसल्या. येताना खळग्यात मुद्दाम तीनदा वेग कमी केला. गाडी हूं की चूं नाही.

पण दिवा मी काढला नव्हता. मधल्या पट्टीवरून तार सोडली, हातात धरली आणि पुन्हा जोडली. नवस माझा नाही, मोडू कसा? दिवसभर थापा शोधल्या. बल्ब उडाला म्हणू? तोवाने काढायला लावला म्हणू?

घरी आलो. रिबेका चपात्या लाटत होती. बाहेर दोन बायका अजून दिव्यासाठी थांबलेल्या. मी दार लोटून घेतलं आणि खरं ते सांगितलं. घोड्यांसकट. ती लाटता लाटता थांबली.

"म्हंजे मी बोलले त्या नवसानं गाडी मरत व्हती?"

"नवसानं नाही गं. माझ्या तारेनं."

"दिवा ठेवला तर पुन्ना मरल?"

"आज नाही, उद्या नाही. पण मरेल. झेएव म्हणतो, स्विच बसवून दिवसातून तासभर लावला तर..."

"अखंड म्हंजे तासभर?" ती म्हणाली. मग खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती रडायला लागली की मला अजून हात कुठे ठेवावा ते कळत नाही. मी चपाती उलटली. ती करपली होती.

थोड्या वेळाने उठली, पिठाचे हात पुसले आणि तडक गाडीकडे गेली. मी मागोमाग. बायका बाजूला झाल्या. तिने तसबिरीला हात लावून ओठांना लावला आणि बल्ब स्वतःच्या हाताने पिळून काढला. झेहावाबाईंनी "अगो बाय!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

रिबेका त्यांना म्हणाली, "हन्नाबी आभाळात गेला तो आगीच्या रथातनं. त्याला काय आमच्या बॅटरीची आग पायजे? तो आमच्या पोरीची गाडी अडवून दिवा मागंल व्हय?"

मला तर वाटलं टाळ्या वाजवाव्यात.

आता रस्त्याकडच्या खिडकीत काचेच्या पेल्यात ऑलिव्हचं तेल आणि वात आहे. रिबेका म्हणते, खिडकीतून वाट दिसते, म्हणजे दिवा वाटेवरच आहे. तसबीर गाडीतच राहिली. बिनदिव्याची.

शुक्रवार, १४ जून

काल दुपारी अमोस धावत आला. गाडीचं विचारलं नाही, नुसता हात धरून ओढत नेलं. डेझीला मागे झोपवलं, रिबेका तिच्या उशाशी, तोवा पायाशी. निघताना रिबेका खिडकीकडे बघून झेहावाबाईंना ओरडली, "तेल घालीत ऱ्हा!"

सगळ्या वाटेत डेझी हिब्रूत कण्हत होती, हिब्रूत तोवाला काहीतरी विचारत होती. मी फक्त रस्ता बघत होतो. खळगा आला. वेग कमी केला नाही तर ती आपटणार, केला तर... मला सगळं कळलेलं होतं. थोरली, धाकटी, चाबूक, सगळं. तरी कळणं डोक्यात राहिलं आणि पाय गारच पडले. तसबिरीकडे बघितलं. दिवा नव्हता, नुसता रथ दिसत होता. मी पाय ब्रेकवर ठेवला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, चाकं खाली उतरली, वर चढली. इंजिन चालूच!

त्याच क्षणी मागून डेझी किंचाळली, "आई गं! आई, नाय सोसत!" मराठीत. कित्येक वर्षांत तिच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. रिबेका "हाय मी, हाय मी" म्हणत होती. मला रडू फुटलं आणि रस्ता दिसेनासा झाला, तर मी उगीचच हॉर्न वाजवला. तोही वाजला.

इस्पितळात पोचलो तेव्हा ऊन अजून बरंच वर होतं. मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. दोघी ठीक आहेत, हे पुन्हा एकदा लिहितो.

बुधवार, १९ जून

आज डेझीला आणि बाळाला घरी आणलं. संध्याकाळी हन्नाबीच्या आभाराचा मलिदा आहे. पोहे भिजलेत, नारळ मात्र बेर्शेबात मिळाला नाही, तेव्हा बदामावर भागवायचं. बाळ घरात आलं तेव्हा खिडकीतला दिवा जळत होता. रिबेकाने तो विझवला नाही, तेल संपेपर्यंत राहू दिला.

येताना मी गाडी झेएवच्या मुसाखात थांबवली. बॅटऱ्या एकदा बघून घे म्हटलं. त्याने झाकण उचललं, दोघींचं पाणी पाहिलं, सारखंच होतं. मग सवयीने विचारलं, "गाडीत काही नवीन जोडलंय का?"

"हो," मी म्हणालो, आणि मागचं दार उघडलं.

रिबेकाच्या मांडीवर ती मूठभर नात टाहो फोडत होती. झेएवने टोपी काढली. काळे हात पाठीमागे लपवून तो कितीतरी वेळ बघत राहिला. मला वाटलं, याला घरचं कुणीतरी आठवलं असावं.

मग तो डोळे पुसत म्हणाला, "ही रात्रंदिवस अशीच? शब्बाथलासुद्धा?"

"शब्बाथलासुद्धा," मी म्हणालो. "हिलाही स्विच नाही."